एका प्याल्याचे माप : मद्य व कर्करोग ह्यांविषयीची मराठी लोकमाहिती

महाराष्ट्रात रीतसर विकत घेतलेल्या दारूच्या बाटलीबरोबर दोन शासकीय वाक्ये येतात. एक बाटलीवर असते, दुसरे परवान्यावर. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने (आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे) मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना आवश्यक ठरविला. ह्या परवान्याचा हेतू प्रकृतीचे जतन व रक्षण हा असल्याचे त्याच्या मसुद्यात नमूद आहे. बाटलीवरचे वाक्य बरेच अलीकडचे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर, मद्यसेवन आरोग्यास अपायकारक आहे व मद्यपान करून वाहन चालवू नये, अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक झाले. एक वाक्य राज्याचे, एक केंद्राचे. वस्तू तीच आणि विषयही आरोग्य हाच. परंतु एका कागदाप्रमाणे ती वस्तू आरोग्यासाठी लागते, दुसऱ्याप्रमाणे ती आरोग्याला बाधते.

ह्या विसंगतीवर आजवर पुष्कळ विनोद झाले आहेत. त्यांत भर घालण्याचे प्रयोजन नाही. परवान्याच्या मसुद्याला त्याचा इतिहास आहे. सर्वांना दारू बंद करावयाची आणि ज्याला औषध म्हणून ती हवी त्याला तेवढी सवलत द्यावयाची, ह्या विचारातून प्रकृतीचे कारण कायद्यात शिरले. पुढे बंदी सैल झाली, अपवाद हाच नियम होऊन बसला, आणि शब्द मात्र जागचे हलले नाहीत. अशी जीर्ण वाक्ये कायद्यात अनेक सापडतील. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. एकमेकांच्या उलट बोलणाऱ्या ह्या दोन्ही वाक्यांत कर्करोग हा शब्द नाही. मद्यातील इथेनॉल हे माणसात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे, हा निष्कर्ष कित्येक वर्षांपूर्वी मान्य झाला असताना मराठी वाचकाच्या हाती पडणाऱ्या अधिकृत मजकुरात त्याचा मागमूस नाही.

मग ही माहिती मराठीत कोणत्या रूपाने वावरते, आणि ती किती अचूक आहे? हा प्रश्न वैद्यकाचा तर आहेच. परंतु त्याचा मोठा भाग भाषेचा आहे, आणि म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकानेही तो हाती घेण्यास हरकत नसावी. त्यासाठी श्रोता मात्र निश्चित हवा. येथे खर्डा हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. शालेय इतिहासात हे नाव ११ मार्च १७९५ च्या, पेशवे व निजाम ह्यांच्या लढाईमुळे येते. परंतु निवडीचे कारण ते नाही. खर्डा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जामखेड तालुक्यात आहे. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका करून वैद्यकीय ज्ञान त्यांच्या बोलीत गावोगाव पोचविणे हा त्या प्रकल्पाचा गाभा होता. खर्ड्याच्या दुसऱ्या अंगाला भूम तालुका लागतो. भूम, परांडा आणि बार्शी ह्या तीन तालुक्यांतील गावांसाठी १९८७ साली बार्शी येथे कर्करोगाची नोंदवही उघडण्यात आली. भारताच्या ग्रामीण भागातील ही अशी पहिलीच नोंदवही. रोगी रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते गावांत जात, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्ण शोधून काढीत. म्हणजे एका बाजूस आरोग्याची माहिती सांगण्याचा, तर दुसऱ्या बाजूस कर्करोग मोजण्याचा असे दोन नामांकित प्रयत्न ज्या टापूत झाले, त्याच्या मध्यावर हे गाव आहे. तेथे जे वाक्य खरे ठरून टिकेल, ते अन्यत्रही टिकेल असे मानण्यास जागा आहे.

दारूविषयीची मराठी माणसाची समजूत वैद्यकीय पुस्तकांतून घडलेली नाही. ती नाटकातून घडली आहे. राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर लगेच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद तहकूब झाल्याचा अपमान विसरण्यासाठी तो तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो, आणि तेथून नोकरी, अब्रू, मूल, पत्नी आणि अखेर स्वतःचा जीव अशा क्रमाने सर्वस्व गमावतो. नाटकाची थोरवी वादातीत आहे. परंतु त्यातील दारू ही शरीरातील पेशींवर काम करणारी वस्तू नाही; ती विवेकाचा नाश करणारी शक्ती आहे. पुढील शंभर वर्षांत कीर्तनातून, व्याख्यानांतून, चित्रपटांतून आणि भिंतींवरच्या घोषणांतून दारूचे जे चित्र मराठीत उमटत राहिले, ते बहुतेक ह्याच साच्यातले. संसाराची धूळधाण हा त्याचा विषय. तो खोटा नाही; खेड्यातील स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली ती ह्याच अनुभवाच्या बळावर.

प्रश्न शीर्षकातील ‘एकच’ ह्या शब्दापाशी येतो. नाटकात पहिला प्याला भयंकर आहे, कारण तो दुसऱ्याला बोलावतो. तो स्वतः काहीच करीत नाही. त्याचा गुन्हा इतकाच की तो उताराच्या माथ्यावर उभा आहे. ह्या तर्काची एक वजाबाकी निघते, आणि ती प्रेक्षक नकळत करीत आला आहे. जो माणूस एकावर थांबतो तो नाटकाबाहेर पडतो. ‘आम्ही काही सुधाकर नव्हे’ हे आपल्याकडील मित पिणाऱ्याचे ठरलेले समाधान होय. रोज संध्याकाळी एक पेला घेणारा, नोकरीत नियमित, घरात शांत असा गृहस्थ मराठी दारूविरोधी वाङ्मयाच्या कक्षेतच येत नाही. कर्करोगाचा पुरावा मात्र नेमका त्याला कक्षेत आणतो. तेथे पहिला प्याला दुसऱ्याकडे नेतो की नाही हा प्रश्न गौण आहे; त्याची गणना त्याच्या स्वतःच्या नावाने होते. शब्द तेच, ‘एकच प्याला’. परंतु नीतीच्या भाषेत ते चढत्या व्यसनाचे चिन्ह आहे आणि साथरोगशास्त्राच्या भाषेत ते एक प्रमाण आहे. मराठी लोकमाहितीतील पहिली आणि सर्वांत मोठी अचूकतेची चूक येथे आहे. तीत असत्य कोणी सांगितलेले नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लागू झाले आहे.

आता तो प्याला मोजून पाहू गेल्यास निराळीच अडचण दिसते. प्याला हे माप नाही. संशोधनात मद्य ग्रॅमवर मोजतात. दुकानात ते क्वार्टर, नाइंटी, बाटली अशा नावांनी मिळते. देशात बनणाऱ्या विदेशी दारूत शेकडा ४२.८ भाग मद्यार्क असतो असे धरले, तर ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६०. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम, आणि आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बाटलीत ४१ ग्रॅम भरतो. ‘मी रोज एकच घेतो’ ह्या वाक्यातील ‘एक’ कधी दहा ग्रॅमचा असतो, कधी साठ. बिअर म्हणजे दारूच नव्हे, ती उन्हाळ्यात थंडाव्यासाठी घ्यावयाची वस्तू, असे मानणाऱ्याची एक बाटली पाहुण्याच्या दोन लहान पेगांहून जड असते. ज्या माहितीपत्रकात ‘मर्यादित’ किंवा ‘अति’ मद्यपान असे शब्द येतात आणि शेजारी क्वार्टरचा ग्रॅममध्ये हिशेब येत नाही, ते पत्रक वाचकाला काहीच सांगत नाही. तो आपापली मर्यादा त्या रिकाम्या शब्दात ओतून घेतो.

पुरावा काय आहे तो थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मद्ययुक्त पेयांना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. पुढील पुनर्विचारांत हा निर्णय कायम राहिलाच, शिवाय पेयातील इथेनॉल आणि त्यापासून शरीरात बनणारे ॲसिटाल्डिहाइड ह्यांचाही त्या गटात समावेश झाला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय आणि स्त्रियांचे स्तन ह्या ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा कार्यकारणसंबंध मान्य झाला आहे. ॲसिटाल्डिहाइड पेशीतील जनुकद्रव्याला इजा करते. स्तनाच्या बाबतीत मद्यामुळे वाढणारे संप्रेरकाचे प्रमाण कारणीभूत ठरते. तोंडात व घशात मद्य हे तंबाखूतील विषारी द्रव्यांना आत शिरण्यास वाट करून देते. २०२० साली जगात नव्याने झालेल्या कर्करोगांपैकी सुमारे ७,४१,३०० रुग्णांचा, म्हणजे शेकडा चारांचा, रोग मद्यामुळे झाल्याचा अंदाज २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण रोज ६० ग्रॅमहून अधिक पिणाऱ्यांतले होते. रोज २० ग्रॅमपर्यंत पिण्याच्या वाट्याला सुमारे १,०३,१००, म्हणजे शेकडा चौदा आले. दोन्ही आकडे एकत्र सांगितले तरच चित्र खरे उमटते. पहिलाच सांगितला तर मित पिणारा सुटतो. दुसराच सांगितला तर क्वार्टर पिणारा स्वतःला त्याच्याच पंक्तीत बसवितो.

पहिल्या गटाविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की त्याचा उल्लेख टाळता येत नाही. तंबाखू, ॲस्बेस्टॉस आणि दारू एकाच गटात आहेत, तेव्हा तिन्ही सारख्याच घातक, असा अर्थ आरोग्यविषयक व्याख्यानांत सहज काढला जातो. गट हा पुराव्याच्या पक्केपणाचा आहे, धोक्याच्या मोठेपणाचा नव्हे. न्यायालयात आरोप सिद्ध झाला एवढ्यावरून अपराध चोरीचा की खुनाचा हे कळत नाही, तसेच हे. ज्या श्रोत्याला ही तुलना अतिशयोक्त वाटेल तो उरलेले खरेही टाकून देईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

येथपर्यंत विषय आकड्यांचा होता. आता क्रियापदाचा आहे. ‘दारूमुळे कॅन्सर होतो’ (कर्करोग हा शब्द छापण्यापुरता, बोलताना कोणी तो उच्चारीत नाही) हे वाक्य घेऊ. मराठीतील ‘होतो’ हे रूप नियमही सांगते आणि नशीबही. भिजल्याने पडसे होते, असे आपण म्हणतो, आणि न झाल्यास आश्चर्य मानीत नाही. पण विष घेतल्याने मृत्यू होतो ह्यात अपवाद कल्पिला जात नाही. दारू व कर्करोग ह्यांचे वाक्य कोणत्या जातीचे हे ‘होतो’ सांगत नाही. खर्ड्याच्या पारावर बसलेला श्रोता ते आपल्या अनुभवाशी ताडून पाहतो. जन्मभर पिऊन ऐंशी वर्षे जगलेला एखादा म्हातारा प्रत्येक गावात असतोच. तो एकटा ह्या वाक्याला पुरून उरतो. उलट सुपारीचे खांडही न खाणारी आणि दारूला न शिवलेली एखादी बाई कर्करोगाने गेलेली असते. दोन उदाहरणांत वाक्य कोसळते, आणि सांगणाऱ्या सेविकेचा शब्दही पडतो. तिची पत हेच तिचे भांडवल असल्यामुळे हे नुकसान वरवर दिसते त्याहून मोठे असते. उद्या ती लसीविषयी किंवा क्षयाच्या गोळ्यांविषयी बोलेल तेव्हाही ते आठवेल.

मग ‘होऊ शकतो’ म्हणावे काय? इंग्रजीत ह्या जागी येणारे सहायक क्रियापद कायद्याच्या व शास्त्राच्या वापराने कणखर झाले आहे. मराठीत ‘होऊ शकते’ हे फार पोकळ आहे. पाऊस येऊ शकतो, बस चुकू शकते, काहीही होऊ शकते. खबरदार लेखक ते वापरतो आणि वाचक त्यातून निसटतो. ‘धोका वाढतो’ ही तिसरी रचना सर्वांत निर्दोष. परंतु वाढतो म्हणजे कशापासून कितीपर्यंत, हे न सांगितल्यास तीही अर्धीच राहते.

अशा वेळी मराठीतलाच एक जुना शब्द उपयोगी पडण्यासारखा आहे. तो म्हणजे शेकडा. व्याजाचा व्यवहार ज्याने केला त्याला शेकड्याचे गणित शिकवावे लागत नाही. सावकाराचा दर शेकडा दोन रुपयांवरून तीन रुपयांवर गेला, तर ‘एक रुपयाने वाढला’ हेही खरे आणि ‘दीडपट झाला’ हेही खरे. पहिले वाक्य सावकाराच्या तोंडी शोभते, दुसरे ऋणकोच्या. कोणी कोणते वाक्य का निवडले हे ओळखण्याइतका शहाणपणा गावात असतो. धोक्याच्या आकड्यांचेही असेच आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात ऑस्ट्रेलियातील पाहणीच्या आधारे मद्याशी संबंधित कर्करोगांचा हिशेब दिला आहे. आठवड्याला एक पेयही न घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींना आयुष्यात ह्यांपैकी एखादा कर्करोग होतो. रोज एक पेय घेणाऱ्यांपैकी १९ जणींना. रोज दोन घेणाऱ्यांपैकी २२ जणींना. पुरुषांत हेच आकडे १०, ११ आणि १३ आहेत. हे अंक खर्ड्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, कारण रोगांचे मूळ प्रमाण आणि तंबाखूची सवय दोन्ही तेथे वेगळी आहेत. घेण्याजोगी आहे ती मांडणी. तीत न पिणाऱ्यालाही रोग होतो हे कबूल केले आहे, रोज पिणाऱ्या बहुसंख्यांना तो होत नाही हेही लपविलेले नाही, आणि तरीही शंभरांमागे दोन किंवा पाच जास्तीच्या स्त्रिया डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पारावरचा ऐंशी वर्षांचा म्हातारा ह्या मांडणीला धक्का लावू शकत नाही. त्याला तीत जागा आहे.

प्रत्यक्ष भारतातील पुरावा नुकताच पुढे आला आहे, आणि तो कसा सांगितला जातो ही माहितीच्या अचूकतेची चांगली परीक्षा ठरेल. टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग झालेले १,८०३ रुग्ण आणि तो नसलेल्या १,९०३ व्यक्ती ह्यांची तुलना करून डिसेंबर २०२५ मध्ये आपले निष्कर्ष ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’ मध्ये प्रसिद्ध केले. न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणाऱ्यांचा धोका ६८ टक्क्यांनी अधिक आढळला. रोज सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे एका लहान पेगाहूनही थोडे कमी, इतक्या मद्याशीही जवळजवळ ५० टक्क्यांची वाढ निगडित होती. देशातील ह्या रोगाच्या सर्व रुग्णांपैकी शेकडा साडेअकरा मद्याच्या वाट्याला येतात. आणि मद्य व चघळण्याची तंबाखू ह्यांच्या संयुक्त परिणामाच्या वाट्याला शेकडा ६२.

ह्यांतील प्रत्येक आकडा एका निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ६८ हे पिणारा आणि न पिणारा ह्यांच्यातील तुलनेचे. साडेअकरा हे रोगाच्या एकूण ओझ्यातील मद्याच्या वाट्याचे. ६२ हे दोन सवयी एकत्र आल्यावर जे होते त्याचे. ‘तोंडाच्या कर्करोगाचे ६२ टक्के रुग्ण दारूमुळे’ असे वाक्य घाईच्या लेखणीतून सहज उतरेल, आणि त्यात दोन चुका असतील: तंबाखू गळेल, आणि गालाच्या अस्तराचा रोग संपूर्ण तोंडाचा होईल. खर्ड्यासारख्या गावात पहिली चूक विशेष महाग पडेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के मद्य घेत असल्याचे, तर सुमारे ३४ टक्के तंबाखू वापरीत असल्याचे दिसले. स्त्रियांत मद्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, तंबाखूचे मात्र सुमारे ११ टक्के. मिश्री लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू वापरतो असे वाटतही नाही. तेव्हा तोंडाच्या कर्करोगाविषयी बोलताना दारूला तंबाखूपासून तोडणे हे शास्त्राच्या व व्यवहाराच्या दोन्ही दृष्टींनी चूक होय. चुना मळून तोंडात बार भरलेला माणूस क्वार्टर घेतो तेव्हा दोन धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ही ह्या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट. ती एका साध्या वाक्यात सांगता येते, आणि त्यासाठी टक्क्यांची गरज नाही.

त्याच संशोधनातील आणखी एका निष्कर्षाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. गावठी दारू पिणाऱ्यांत धोका ८७ टक्क्यांनी अधिक, तर सर्वत्र मिळणारी नाममुद्रांकित दारू पिणाऱ्यांत ७२ टक्क्यांनी अधिक दिसला. ह्यातून ‘गावठी वाईट’ एवढेच उचलले जाण्याची भीती आहे, कारण मराठी मनात त्यासाठी खाच आधीच तयार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या पार्टीत विषारी दारूने बळी घेतले. त्यापूर्वी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराच्या आसपास माणसे मेली. अशा दुर्घटनांनंतर वृत्तपत्रांत ‘विषारी दारू’ हा शब्दप्रयोग सर्रास येतो. तो त्या प्रसंगी बरोबरच आहे; मिथेनॉलने माणूस एका रात्रीत आंधळा होतो किंवा मरतो. परंतु विशेषण लावताच बाकीची दारू बिनविषारी ठरते. सीलबंद, करभरणा केलेली, दुकानातली दारू म्हणजे चांगली दारू हा समज त्या विशेषणाच्या सावलीत वाढतो. कर्करोगाच्या बाबतीत दोष भेसळीत नाही, खुद्द इथेनॉलमध्ये आहे. ७२ आणि ८७ ह्यांतील अंतरापेक्षा त्या दोघांचे शून्यापासूनचे अंतर कितीतरी मोठे आहे.

हाच भेद निराळ्या वेषात २०२२ साली दिसला. किराणा विकणाऱ्या मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्या वर्षीच्या जानेवारीत घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असे समर्थन जाहीरपणे झाले. ह्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे ह्यांनी निर्णयाला विरोध करून उपोषणाचा इशारा दिला व पुढे ते स्थगित केले. वादात द्राक्षबागायतदारांचे हित आणि तरुणांचे संस्कार ह्यांवर पुष्कळ बोलले गेले. वाईनमध्येही तेच इथेनॉल असते आणि स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात पेयाचा रंग पाहिला जात नाही, हे साधे विधान त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाही. दोन्ही पक्ष नाटकाच्याच भाषेत बोलत होते. एकाला वाईनमध्ये सुधाकर दिसत होता, दुसऱ्याला दिसत नव्हता.

माहिती चुकविण्याचे प्रकार इतरत्र अधिक पद्धतशीरपणे तपासले गेले आहेत. लंडन येथील मार्क पेटिक्रू व त्यांचे सहकारी ह्यांनी मद्य-उद्योगाशी संबंधित संस्थांची माहितीपत्रे वाचून त्यांत तीन युक्त्या दाखविल्या: संबंध नाकारणे किंवा वगळणे, त्याचे स्वरूप विपरीत करणे, आणि इतर कारणांची लांबलचक यादी देऊन लक्ष दुसरीकडे वळविणे. विशेषतः स्तन व आतड्याच्या कर्करोगाबाबत हे आढळले. तिसरी युक्ती सर्वांत चतुर, कारण तीत खोटे काहीच नसते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात नोव्हेंबर २०१७ मध्ये बाटल्यांवर कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख करणारी लेबले प्रयोगादाखल लावली गेली. उद्योगाच्या दडपणामुळे महिन्याभरात प्रयोग थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा कर्करोगाचे लेबल त्यातून वगळले होते. आयर्लंडने २०२३ मध्ये असे लेबल सक्तीचे करण्याचा नियम केला, पण त्याची अंमलबजावणी २०२६ वरून २०२८ वर ढकलली. एका शब्दावर इतकी ओढाताण होते ह्यावरून त्याचे वजन कळते. आपल्याकडे तंबाखूच्या पुड्यांवर २००९ पासून सचित्र इशारा आहे, २०१६ पासून त्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापला आहे, आणि कर्करोगाचे नाव घेण्यास तेथे संकोच केलेला नाही. त्याच दुकानाच्या शेजारच्या दुकानात मात्र ‘आरोग्य’ ह्या मोघम नामावर भागविले जाते.

उलट बाजूचीही दखल घ्यावी लागेल. दारूविरोधी कार्यकर्त्याच्या हाती कर्करोग हे नवे शस्त्र आले म्हणून ते सर्वत्र चालविणे योग्य नव्हे. बार्शीच्या नोंदवहीच्या आरंभीच्या वर्षांत स्त्रियांमध्ये सर्वांत ठळक दिसला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. तो एका विषाणूमुळे होतो; दारूचा त्याच्याशी कार्यकारणसंबंध मानला जात नाही. लगतच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने दाखविले की विषाणूची एक तपासणीदेखील ह्या रोगाचे मृत्यू कमी करते. ते निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ह्या टापूतील एखाद्या बाईने ‘कॅन्सर दारूने होतो आणि आमच्या घरात कोणी पीत नाही’ असा निष्कर्ष काढून तपासणी टाळली, तर खरे वाक्य खोट्याचे काम करून गेले असे होईल. कोणता अवयव हे न सांगता ‘कर्करोग’ म्हणणे, हे ‘आरोग्य’ म्हणण्याइतकेच मोघम आहे.

सर्व अटी पाळून वाक्य रचू गेल्यास ते साधारण असे होईल: दारू कोणतीही असो, ती जितकी जास्त तितका तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा, आतड्याचा आणि बायकांत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका जास्त, रोज थोडी घेणाऱ्यालाही तो काही प्रमाणात वाढतो, आणि तंबाखू खाणाऱ्याला फार वाढतो. हे वाक्य लांब आहे व त्याला घोषणेचा झोक नाही. भिंतीवर ते शोभणार नाही. परंतु जामखेडच्या सेविका ज्या रीतीने शिकल्या, म्हणजे एकमेकींना सांगून, विचारून आणि पुन्हा सांगून, त्या रीतीने ते तोंडी बसण्यास अडचण नाही. त्यात ‘थोडी’ म्हणजे किती, हा प्रश्न ऐकणारा विचारणारच. आणि तेथे सेविकेच्या हातात दुसरे काही नसले तरी क्वार्टरची रिकामी बाटली असावी, आणि तिच्यावर सहा सारख्या रेघा ओढलेल्या असाव्यात.